कोपर

रबाळे एमआयडीसीत, गाळा नंबर तेहतीस,
आम्ही अरबस्तान भरतो
शंभर मिलीच्या बाटलीत.
लेबलवर उंट, वर चंद्राची कोर,
आणि खाली सोनेरी वळणांची एक ओळ,
जी वाचता येते फक्त मुकादम मॅडमना.
पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, काय लिहिलंय?
काही नाही गं, म्हणाल्या,
उन्हापासून लांब ठेवा.

मॅडमचे वडील राबोडीत सायकलवरून अत्तर विकायचे,
तोळ्यावर, कानात फाया फुकट.
मॅडम केमिस्ट्री शिकल्या. पण बोलतात अजून तसंच:
केशर पहिलं येतं, पाहुण्यासारखं, चहासुद्धा न घेता उठतं.
मग गुलाब, ताइफचा म्हणायचा,
येतो निळ्या ड्रममधून.
त्याच्या आडून जाई.
तळाला ऊद आणि अंबर,
ते आले की मुक्कामालाच.

चार तासांनी नाक मरतं.
गुलाब आणि फिनेल एकच.
कॉफीच्या बिया हुंगू नको, त्या म्हणाल्या,
ती दुकानातली नाटकं.
स्वतःच्या कोपराच्या घडीत नाक घाल.
नाक घरी जाऊन येतं.

कोपराला गूळ लावतात हे ऐकलं होतं,
इथे कोपरालाच कामाला लावलं.
दर बॅचनंतर मी तोंड खुपसते हाताच्या घडीत.
लोडिंगवरच्या विश्वंभरला वर्षभर वाटायचं
की मी रडते.
एकदा त्याने माझ्या डब्याशेजारी
न बोलता एक पेरू ठेवला.
मी खाल्ला. खुलासा केला नाही.

फाल्गुनात दुबईहून नमुना परत आला.
चिठ्ठी एका ओळीची:
छान आहे, पण यात रात्र कमी पडते.

अकरा वेळा मॅडमनी मिसळून पाहिलं.
अकरा पट्ट्या पंख्याखाली सुकत होत्या.
रात्र कुठल्या ड्रममध्ये असते, त्या म्हणाल्या,
मला नाही, भिंतीला.

दुसरी पाळी सुटली की मी गोठिवलीत चालत जाते.
टॉवरांच्या मधून आमची गल्ली,
गल्लीच्या तोंडाशी गटार,
गटारावर वाकलेली रातराणी,
सासूबाईंनी लावलेली, आता कुणाचीच नाही.
त्या रात्री खाडीला ओहोटी होती.
वाऱ्याबरोबर चिखल आला, तिवरांची मुळं,
कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेला जवला,
आणि या सगळ्याच्या पुढे, बेशरम,
ते फूल.
मी चावी हातात धरून दारात उभीच.

सकाळी म्हटलं,
मॅडम, हे फार गोड झालंय.
रात्र गोड नसते.
फूल असतं, पण त्याच्या पाठीशी चिखल लागतो.
खारट.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाच्या मागून
काळी बुटकी बाटली काढली.
हजारात एक थेंब.
पट्टी माझ्या नाकाखाली धरली,
आणि मला जवल्याची आठवण होऊन
भूक लागली.

बारावा नमुना पास झाला.
तिकडे म्हणे वाळवंटातली रात्र म्हणून विकतात.
असेल. मी कुठे वाळवंट पाहिलंय.
मला एक बाटली मिळाली, लेबल तिरपं बसलेली.
नवरा म्हणाला, लग्नाच्या हॉलसारखा वास येतो,
आणि खिडकी उघडली.

परवा मात्र कोपरात नाक घातलं
आणि नाक घरी गेलंच नाही.
तिथेही ऊद.
साबणाने घासलं, डाळीच्या पिठाने घासलं, तरी ऊद.
मॅडमना सांगितलं. वाटलं, हसतील.
त्यांनी बाही वर सारली,
स्वतःच्याच कोपराकडे पाहत म्हणाल्या,
अब्बा घरी आले की शेजारी म्हणायचे,
गुलाब आला.
आम्ही पोरं म्हणायचो,
अब्बा आले.
गुलाबाला वेगळा वास असतो
हे मला शाळेत कळलं.

तेवढ्यात पट्टा सुरू झाला,
आणि उंट येऊ लागले
एकामागोमाग एक.